फौजेतून परतलेल्या माणसाची विचारपूस

वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ सदनिकांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती पडल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबांचा आनंद कोणालाही समजण्यासारखा आहे. परंतु या स्थलांतरात एक गोष्ट चाळीतच मागे राहणार असून तिची नोंद कोणत्याही करारपत्रात नाही. ती म्हणजे शेजाऱ्याची नजर. १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या या चाळींत एकेका इमारतीत ८० खोल्या, मधोमध लांब बोळ आणि मजल्यावर सामाइक संडास. अशा ठिकाणी रात्री दोन वाजता बोळात येरझारा घालणारा माणूस चार बिऱ्हाडांच्या नजरेतून सुटत नाही. बंद दाराच्या सदनिकेत तो कोणाला दिसणार?

हा प्रश्न फौजेतून परतलेल्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. सातारा, कोल्हापूर, कोकण येथून मुंबईत आलेल्या घराण्यांत एक भाऊ गिरणीत आणि दुसरा पलटणीत, ही वाटणी जुनी. गिरण्या गेल्या, पलटण राहिली. शिपाई बहुधा चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि पुष्कळदा एखाद्या इमारतीवर पहारेकरी म्हणून उभा राहतो. रात्रपाळी करणाऱ्या माणसाची झोपच उडाली आहे, हे मग घरच्यांच्याही ध्यानात येत नाही.

सैनिकाच्या मनाच्या दुखण्याशी महाराष्ट्राचा संबंध शब्दकोशापर्यंत पोहोचला आहे. एकोणिसाव्या शतकात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून असत. त्या रिकामपणात अनेकांचे चित्त ढळे. त्यावरून देवळालीचे ‘डुलाली’ झाले आणि त्याला आपला ‘ताप’ जोडून, वेड लागणे या अर्थाचा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. सैनिकांनी थट्टेत का होईना, त्या अवस्थेला नाव दिले. वैद्यकाला मात्र त्यास पुष्कळ काळ लागला. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात आघातोत्तर ताणविकाराला स्थान मिळाले.

आपल्याकडे सोयी नाहीत असे नव्हे. माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे. कुलाब्यास नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा २०२२ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा सैन्यदलांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. परंतु या सर्व सोयी ‘माझे मन ठीक नाही’ असे स्वतः म्हणणाऱ्यासाठी आहेत, आणि नेमके तेच वाक्य उच्चारू नये अशी शिकवण या माणसाने वीस वर्षे अंगी बाणवलेली असते. तो येतो कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे, नाही तर महापालिकेच्या दवाखान्यात. तक्रार करतो पित्ताची, डोकेदुखीची, वाढलेल्या रक्तदाबाची. गोळ्या घेऊन परत जातो. दारू वाढते तेव्हा घरचे त्याला व्यसनी ठरवून मोकळे होतात.

म्हणून प्रशिक्षण हवे ते या पहिल्या पायरीवर. सामान्य डॉक्टर, परिचारिका, घरोघर जाणारी आरोग्यसेविका यांना मनोविकारतज्ज्ञ बनविण्याचे कारण नाही. त्यांनी प्रथम एकच प्रश्न विचारावा: ‘आपण फौजेत होता का?’ अमेरिकेत परिचारिकांच्या अकादमीने याच प्रश्नासाठी मोहीम चालविली. उत्तर होकारार्थी आले, की झोप, दुःस्वप्ने, फटाक्यांच्या आवाजाने दचकणे, माणसे टाळणे, अकारण संताप व मद्य यांची चौकशी करावी. जगणे नकोसे वाटते का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत संशोधनाने खोटी ठरविली आहे. पत्नीशीही बोलावे, परंतु त्याच्या संमतीने. कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. आणि पुढे कोठे पाठवायचे, याचा पत्ता प्रत्येक दवाखान्याच्या टेबलावर असावा.

यावर आक्षेप येईल की दवाखान्यांत आधीच रीघ असते. आक्षेप खरा आहे. परंतु एका प्रश्नाला अर्धे मिनिट पुरते, आणि न विचारलेल्या प्रश्नापायी तोच रुग्ण वर्षभर फेऱ्या घालतो. दुसरा धोका उलट दिशेचा आहे. प्रत्येक माजी सैनिकाला रुग्ण समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल. बहुसंख्य जवान पुन्हा संसारात उत्तम रुळतात. तेव्हा प्रश्न संशयाने नव्हे, आदराने विचारला गेला पाहिजे, आणि कसा विचारावा हाच प्रशिक्षणाचा मुख्य धडा होय.

बोळातला शेजारी औषध देत नव्हता. पण ‘काय रे, झोप येत नाही?’ एवढे विचारत होता. चाळ पाडताना ही विचारपूस तरी दवाखान्याने आपल्या शिरावर घ्यावी.