'नेक्स्ट' घ्यायची कधी?

एमबीबीएसची साडेचार वर्षे संपली की वर्षभराची इंटर्नशिप. सलाइन लावणे, टाके घालणे, प्रसूती करणे या गोष्टी हातात बसतात त्या याच वर्षात. प्रत्यक्षात पदव्युत्तर (पीजी) प्रवेशाची 'नीट-पीजी' परीक्षा डोक्यावर असल्याने वॉर्डातली कामे कशीबशी उरकली जातात, हलक्या पोस्टिंगसाठी अदलाबदल चालते आणि रात्रपाळीतही मोबाइलवर एमसीक्यू सोडवले जातात.

२०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने परवाना आणि पीजी प्रवेश या दोन्हींसाठी 'नेक्स्ट' ही एकच परीक्षा ठरवली. जून २०२३च्या नियमांनी तिचे दोन टप्पे केले. पहिला इंटर्नशिपच्या आधी: सहा पेपर, ५४० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के. दुसरा इंटर्नशिपनंतर: सात विषयांची प्रात्यक्षिके, निकाल फक्त पास-नापास. अंतिम वर्षाची लेखी परीक्षा त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठासह सर्वच विद्यापीठांच्या हातून जाणार होती. विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर २८ जुलै २०२३ची सराव परीक्षा बारगळली. 'नेक्स्ट' लागू करण्याची सप्टेंबर २०२४ची वाढीव मुदतही परीक्षेविना उलटली.

टप्प्यांची ही वाटणी योग्यच आहे. वाचलेले ताजे असते अंतिम वर्षाच्या शेवटी. हात तयार होतो वर्षभर रुग्ण हाताळल्यावर. घोळ आहे तो पीजीची क्रमवारी पहिल्या टप्प्याच्या गुणांवर ठेवण्यात. परवान्याला ५० टक्के पुरतात, पण रेडिओलॉजीच्या जागेसाठी एकेका गुणाची मारामारी असते. आज जे हाल इंटर्नशिपचे होतात, तेच उद्या अंतिम वर्षाच्या क्लिनिक्सचे होतील. कोचिंगवाले तेवढे वर्षभर अलीकडे सरकतील.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिथे २६ जानेवारी २०२२पासून 'यूएसएमएलई' या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे थांबले, फक्त पास-नापास उरले. चढाओढ मात्र संपली नाही; ज्या 'स्टेप टू सीके' या पुढच्या टप्प्याचे गुण अजून मिळतात, तिकडे ती वळली. चाळणी जिथे असेल, तिथे अभ्यास धावणारच.

म्हणून परवान्याची लेखी परीक्षा अंतिम वर्षानंतर, प्रात्यक्षिक इंटर्नशिपनंतर आणि पीजीची स्पर्धा त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, स्वतंत्र, असा क्रम हवा. यात एक परीक्षा वाढते आणि विद्यार्थ्याचे काही महिने जातात. त्या बदल्यात वॉर्डातले वर्ष वॉर्डासाठी उरते, आणि परवाना त्याच कामाचा असतो.