पिन भिंतीतून काढा, राउटरला लावा!

ब्रिटनमध्ये तुमचा मामा, मावशी किंवा आत्या राहत असेल, तर ३१ जानेवारी २०२७ ही तारीख लक्षात ठेवा. तांब्याच्या तारेवर चालणारी तिथली जुनी टेलिफोन व्यवस्था तोवर बंद करायचं ठरलंय. त्यानंतर घरचा फोन इंटरनेटवरून चालेल. आधीची मुदत डिसेंबर २०२५ होती. ती का लांबली, ही खरी महत्त्वाची गोष्ट, तिच्याकडे येतोच. आधी थोड्या गमती.

घरात करायचं काम काय? बहुतेक ठिकाणी फोनची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून काढून राउटरच्या मागे लावायची. बस्स! नंबर बहुधा तोच राहतो, फोनचं यंत्रही तेच चालतं. आवाज तर कधीचाच डिजिटल झालाय. तिथली एक्स्चेंजेस १९८० पासून एकेक करून डिजिटल होत गेली. तुमचं ‘हॅलो’ तिथे पोचलं की सेकंदाला ८००० वेळा मोजून त्याचे आकडे होतात. जुनी राहिली होती ती फक्त घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तार.

शेजारच्या गल्लीत फोन लावायचाय? बीटी कंपनीच्या डिजिटल लाइनवर आता त्यालाही एसटीडी कोड लावावा लागतो. डायरीत नुसते स्थानिक नंबर लिहून ठेवलेल्या आजी-आजोबांची डायरी कुणीतरी बसून नव्याने लिहून द्यायला हवी.

डायल फिरवायचा जुना फोन जपून ठेवलाय? त्यात ७ फिरवला की डायल मागे येताना लाइन सात वेळा तुटते, ० फिरवला की दहा वेळा. हे तुटणं मोजून नंबर जोडणारं स्वयंचलित एक्स्चेंज शोधलं ते अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर यांनी. पेटंट १८९१ चं, आणि स्ट्रोजर यांचा मूळ धंदा अंत्यसंस्काराचं सामान पुरवण्याचा! बऱ्याच राउटरना मात्र ही भाषा कळत नाही. येणारा फोन घेता येतो, इथून लावता येत नाही. मध्ये बसवायचा छोटा कन्व्हर्टर मिळतो. तेवढा आणलात तर फोन टाकून द्यायची गरज नाही.

आणीबाणीचा ९९९ हा नंबर लंडनमध्ये ३० जून १९३७ ला सुरू झाला. १११ का नाही ठेवला? कारण तारा एकमेकींना घासल्या तरी एक्स्चेंजला १ लागल्यासारखं वाटे. डिजिटल लाइनवरही ९९९ लागतोच.

पण वीज गेली तर? इथे मात्र थांबायला हवं. जुन्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची सुमारे ५० व्होल्टची वीज थेट घरात यायची. म्हणून सगळं गाव अंधारात असलं तरी वायरवाला साधा फोन चालू. राउटर घरच्या विजेवर चालतो. वीज गेली, की फोन डेड. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘आर्वेन’ वादळ आलं, तेव्हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधली काही घरं आठवडाभराहून जास्त अंधारात होती. मार्च २०२२ मध्ये बीटीने घरोघरचे बदल काही काळ थांबवले. ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेचा दंडक असा, की जे आणीबाणीत लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी ९९९ लावण्याची सोय कंपनीने द्यायची. मोबाइलची रेंज नसलेल्या खेड्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एक तास पुरेल का? माझ्या मते नाही. काही कंपन्या जास्त वेळ टिकणारी बॅटरी देतात, ती मागून घ्यायलाच हवी.

दुसरा धोका गळ्यातल्या बटणाचा. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक असं बटण वापरतात. बाथरूममध्ये पाय घसरला, बटण दाबलं, की घरातला डबा लँडलाइनवरून मदत केंद्राला फोन लावतो आणि स्पीकरमधून तिकडची व्यक्ती बोलू लागते. लाइन बदलल्यावर काहींची बटणं मुकी झाली आणि गंभीर प्रसंग घडले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांकडून लेखी हमी घेतली, की अशा ग्राहकांची लाइन खात्री केल्याशिवाय बदलायची नाही. पुढे मुदतही वाढली. ती वाढली हे उत्तमच झालं.

चोरीची सूचना देणारे अलार्म, लिफ्टमधले आणीबाणीचे फोन, फॅक्स, दुकानातली कार्डाची जुनी यंत्रं यांपैकी बरीच याच तारेवर आहेत, तीही तपासावी लागतील. ब्रॉडबँड नसलेल्यांना फक्त फोनपुरती जोडणी मिळते, त्यासाठी इंटरनेटचं पॅकेज घ्यावं लागत नाही. एस्टोनिया आणि नेदरलँड्स यांनी हा बदल केव्हाच उरकलाय.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे गेलेले आपले अनेक डॉक्टर, इंजिनिअर आज ऐंशीच्या घरात आहेत. येत्या रविवारी फोन कराल तेव्हा त्यांना विचारा: गळ्यात बटण आहे का, ते कंपनीला कळवलंय का, बॅटरी मागितलीय का? लाइन बदलली की त्याच दिवशी बटण दाबून बघायला सांगा. आणि ‘लाइन बदलायचीय, बँकेचे तपशील द्या’ असा फोन आला, तर तो भामट्याचा समजून सरळ ठेवून द्यायला सांगा.