आधी यंत्राचं काम, मग नेटवर्क

डोंबिवलीत फडके रोडवरच्या दुकानातलं कार्ड मशीन आणि तिथल्याच एमआयडीसीतल्या टाकीवरचा तापमापक, दोन्ही बिनतारी माहिती पाठवतात; पण दोघांची गरज एक नाही. कार्ड मशीनला काही सेकंदांत बँकेचा होकार हवा, म्हणून तिथे फोरजी सिम योग्य. तापमापक मात्र थोड्या थोड्या वेळाने काही बाइट पाठवतो आणि त्याची बॅटरी वर्षानुवर्षं टिकायला हवी. त्याच्यासाठी लोरा हे कमी विजेवर दूरवर माहिती पाठवणारं बिनतारी तंत्र बरं. त्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो आणि या लहरी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींपेक्षा भिंतींतून चांगल्या पार होतात. लोराचा वेग कमी असतो, म्हणूनच पल्ला मोठा मिळतो; वीजही कमी लागते.

कोणी म्हणेल, कारखान्यात वाय-फाय आहेच, वेगळा खर्च कशाला? पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि लोखंडी यंत्रांच्या गर्दीत वाय-फाय लवकर क्षीण होतं. मग प्रत्येक यंत्रात सिमच का नको? कारण दर सिममागे भाडं चढतं; शंभर सेन्सरना एक लोरा गेटवे, म्हणजे सगळ्यांची माहिती गोळा करणारं यंत्र, पुरू शकतं. विखुरलेल्या मीटरना मात्र सिमच सोयीचं. धोक्याच्या वेळी झडप बंद करणारी यंत्रणा तर तारेनेच जोडावी. तेव्हा उद्योजकांनो, विक्रेत्याला वेग विचारण्याआधी माहिती किती, कितीदा आणि कुठून जाणार, हे कागदावर मांडा. आणि खरेदीपूर्वी आपल्याच शेडमध्ये चाचणी घ्या.