वेडा कोण, हे ठरवतो कोण?

चिखलीच्या रस्त्यावर सकाळची पाळी गाठायला निघालेला एखादा तरुण हातवारे करीत एकटाच बोलताना दिसतो. त्याच्या कानात इअरफोन असला, की आपण निश्चिंत होतो. नसला, तर 'डोकं फिरलंय' म्हणत बाजूला सरकतो. बोलणे तेच, हातवारे तेच; आपला निकाल मात्र वेगळा.

कुदळवाडी, तळवडे भागातल्या वर्कशॉपमध्ये राबणारे कितीतरी जण घरापासून दूर, एका खोलीत चौघे-पाच जण राहतात. पाळी बदलली की झोप मोडते. कोणी गप्प राहू लागला तर 'घुम्या', जास्त बोलू लागला तर 'सटकला'. बाळंतपणानंतर सून उगाच रडू लागली, तर 'वेडी मुलगी गळ्यात मारली' असा टोमणा मिळतो. त्याच घरात रागाच्या भरात ताट भिरकावणारा कमावता पुरुष मात्र नुसता 'तापट' ठरतो. वेडाचा शिक्का बहुतेक वेळा आजार पाहून नव्हे, तर माणूस किती दुबळा आहे ते पाहून मारला जातो.

एकाच माणसाबद्दल समाजाचा निकाल कसा पालटतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कामठीत जन्मलेले, सैन्यात नोकरी केलेले ताजुद्दीन बाबा यांना १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकण्यात आले. पुढे लोक तिथेच त्यांच्या भेटीला येऊ लागले. १९०८ मध्ये राजे रघूजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्याकडे नेले. त्यांच्याविषयी कोणाची श्रद्धा असो वा नसो, प्रश्न उरतोच: सोळा वर्षांत माणूस बदलला, की पाहणाऱ्यांची नजर?

पण याचा अर्थ मानसिक आजार नसतोच, असा नाही. प्रत्येक रुग्णाला 'पोहोचलेला' किंवा 'झपाटलेला' मानणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आधाराने बरे होतील, या आशेने घरच्यांनी रुग्णांना खासगी आश्रयगृहात ठेवले होते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले.

मग रेषा कुठे ओढायची? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की आजार वैद्यकीय निकषांवरच ठरवावा. जात, धर्म, गरिबी किंवा समाजाच्या रूढीविरुद्ध वागणे यावरून नव्हे. पूर्वी उपचार घेतले, एवढ्यावरून कोणी आज मनोरुग्ण ठरत नाही. आजार आहे म्हणून माणसाची निर्णय घेण्याची क्षमता गेली, असेही धरता येत नाही. सांगितलेले समजते का, परिणाम उमगतो का, आपले म्हणणे कळवता येते का, हे पाहावे लागते. साखळीने बांधणे तर या कायद्याने निषिद्धच आहे.

आपल्या दीनची दिशाही हीच आहे. मक्केच्या विरोधकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'मजनून' म्हटले; कुरआनच्या सूरह कलममध्ये त्याचे खंडन आहे. न पटणाऱ्याला वेडा ठरवणे हे जुनेच हत्यार. आणि खरोखर भान हरपलेल्याबद्दल हदीसमध्ये सांगितले आहे, की शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते. म्हणजे त्याची जबाबदारी कमी होते, आपली वाढते. मदीनेत बुद्धीने काहीशी अधू असलेली एक स्त्री प्रेषितांना (स.) म्हणाली, की माझे तुमच्याकडे काम आहे. प्रेषितांनी (स.) गल्ली तिलाच निवडायला सांगितली आणि तिचे सगळे ऐकून घेतले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आहे. तिच्या बुद्धीचा निवाडा तिथे झाला नाही, तिची गरज विचारली गेली.

आपल्या घरी, शेजारच्या खोलीत कोणी बदललेला दिसला, तर 'वेडा आहे का?' हा प्रश्न सोडून द्यावा. झोप लागते का, जेवण जाते का, कशाची भीती वाटते, हे विचारावे. जीव नकोसा वाटतो म्हणाला, तर एकटे सोडू नये. दुआ जरूर करावी, पण डॉक्टरकडे नेणे टाळू नये. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या आजाराची गोळी उशीखाली लपवावी लागू नये, एवढे तरी आपल्या घरापासून सुरू करता येईल.