बॅलेतील सहकार्य : संगीतकार आणि नृत्यरचनाकार

नृत्यासाठी रचलेल्या संगीताचा विचार करताना समीक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो : या दोहोंत स्वामी कोण आणि सेवक कोण? विसाव्या शतकातील अमेरिकन बॅलेकडे पाहिले म्हणजे हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे, असे वाटू लागते.

१९४४ साली वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयाच्या सभागृहात ‘अ‍ॅपलाचियन स्प्रिंग’ प्रथम सादर झाले. मार्था ग्रॅहम यांची शैली रूढ अर्थाने बॅलेची नव्हे. परंतु अ‍ॅरन कोपलंड यांनी आपल्या रचनेला ‘मार्थासाठी बॅले’ असेच म्हटले होते. ग्रॅहम यांनी पाठविलेल्या कथानकाच्या आराखड्यांवरून त्यांनी १३ वाद्यांसाठी संगीत लिहिले. पुढे कथानक पालटले. एका प्रसंगासाठी लिहिलेले संगीत दुसऱ्याच प्रसंगाला योजले गेले. कृतीचे नावही ग्रॅहम यांनी मागाहूनच दिले. तरीही कृती दुभंगली नाही. अर्थात्, तिला सांधणारे तत्त्व कथानक नव्हते.

ते कोणते, हे ‘अगॉन’ (१९५७) मध्ये स्पष्ट होते. येथे कथा मुळीच नाही. इगोर स्ट्राव्हिन्स्की आणि जॉर्ज बॅलन्शाइन यांनी आधी निश्चित केले ते खंडांचे कालमान. १२ नर्तक, सतराव्या शतकातील फ्रेंच दरबारी नृत्यांचे साचे आणि काही भागांत बारा स्वरांच्या श्रेणीवर आधारलेली रचनापद्धती, एवढीच सामग्री. ‘ब्रान्ल गे’ या खंडात कास्टानेट या स्पॅनिश चिपळ्यांचा ठेका अखंड तोच राहतो. इतर वाद्ये मात्र मात्रा बदलीत जातात. अशा संगीतात प्रत्येक आघाताला पाऊल जुळविले तर नृत्य म्हणजे केवळ संगीताची दृश्य पुनरुक्ती होईल. बॅलन्शाइन यांनी ती टाळली. त्यांची नर्तिका लयीची चाकरी करीत नाही. ती लयीला उत्तर देते.

मर्स कनिंगहॅम आणि जॉन केज यांनी हेच तत्त्व टोकाला नेले. त्यांनी कालावधी तेवढा समाईक ठेवला. बाकी दोन्ही कला स्वतंत्रपणे घडविल्या. परंतु केवळ घड्याळ समान असणे म्हणजे सहकार्य काय? माझ्या मते नव्हे. तेथे दोन्ही कला शेजारी नांदतात; त्यांचा मेळ घालण्याचे काम प्रेक्षकावर पडते. ‘अगॉन’मध्ये त्या एकमेकींचा प्रतिकार करतात, आणि त्या प्रतिकारातूनच दोहोंना आपापला आकार लाभतो.

‘अगॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ स्पर्धा. खऱ्या सहकार्याचे याहून नेमके नाव सापडणे कठीण आहे.