पहिली टेनिस स्पर्धा, दुबईत



दुबई आणि टेनिस हे दोन शब्द एकत्र आले की इस्रायलमधल्या आपल्या लोकांना शाहार पेएर आठवते. फेब्रुवारी २००९ मध्ये दुबईच्या मोठ्या स्पर्धेत तिचं नाव होतं, पण स्पर्धेच्या तोंडावर तिला व्हिसा नाकारण्यात आला. या प्रकाराबद्दल महिला टेनिस संघटनेने आयोजकांना तीन लाख डॉलर दंड केला. अँडी रॉडिकने निषेध म्हणून तिथल्या पुरुषांच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं. व्हीनस विल्यम्स ती स्पर्धा जिंकली, तेव्हा बक्षीस घेताना तिने शाहारची आठवण काढली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, शाहार दुबईला गेली. कडक पहाऱ्यात, मुख्य कोर्ट सोडून बाजूच्या कोर्टवर तिला खेळावं लागलं. तरी वोझ्नियाकीसारख्या खेळाडूला हरवून तिने उपांत्य फेरी गाठली आणि तिथे व्हीनसकडून हरली.

पुढे काळ बदलला. सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायल आणि अमिरातींचा करार झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अबुधाबीत रामबामच्या नावाचं सिनेगॉग उघडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे रब्बी झ्वी कोगन यांची हत्या झाली, हेही विसरता येत नाही. काळजी घ्यायलाच हवी. पण मुलं तिथे वाढताहेत, शाळेत जाताहेत आणि टेनिसही खेळताहेत.

हा विषय सुचला तो माझ्या भाचीमुळे. ती ठाण्याहून नवऱ्याच्या नोकरीनिमित्त दुबईला गेली. तिची मुलगी नऊ वर्षांची. मुलीचं नाव पहिल्या स्पर्धेत घालायचं ठरलं, तेव्हा भाचीचा फोन आला. "मावशी, बाकी सगळं कोच सांगतो गं. पण मॅच शनिवारी पडली तर काय करू?"

मी म्हटलं, "हा प्रश्न तू आज विचारलास हे बरं केलंस. ड्रॉ लागल्यावर विचारला असतास तर उशीर झाला असता."

आधी सोप्या गोष्टी सांगते. दहा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांचा पिवळा चेंडू देत नाहीत. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा तसा नियमच आहे. लाल चेंडू सर्वांत हळू, मग नारिंगी, मग हिरवा. लाल आणि नारिंगीसाठी कोर्टही लहान असतं. आपलं मूल कोणत्या रंगाच्या गटात खेळणार आहे ते पाहून निदान महिनाभर त्याच चेंडूने सराव करावा. नवी रॅकेट आणि नवे बूट स्पर्धेच्या दिवशी काढू नयेत. बूट पायाला लागले की अर्धी मॅच तिथेच गेली. तिथला टेनिसचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हंगामातही दुपारचं ऊन कडकच असतं. टोपी हवी, पाण्याच्या दोन बाटल्या हव्यात, आणि पाणी तहान लागायच्या आधीपासून घोटघोट प्यावं. कोशेरचा प्रश्न घरच्या डब्याने सुटतो. चपाती, केळी, उकडलेली अंडी, आणि खजूर तर तिथे हवे तेवढे. मॅचच्या तासभर आधी मात्र पोटभर जेवण नको.

आता त्याहून महत्त्वाचं. लहान मुलांच्या बहुतेक सामन्यांत अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे मुलांनी स्वतःच सांगायचं. शंका आली तर चेंडू आत धरायचा आणि गुण समोरच्याला द्यायचा. सर्व्हिस करणाऱ्याने दर वेळी मोठ्याने स्कोअर सांगायचा. हे सरावात होतंच असं नाही, कारण तिथे कोच उभा असतो. म्हणून घरच्या सरावात आईबापांनी गप्प बसावं आणि मुलांना आपापसात पाच-सहा सामने पुरे खेळू द्यावेत. वाद झाला तर तो त्यांनीच मिटवावा. भाचीने हा प्रयोग केला. पहिल्या दिवशी दोन्ही मुली स्कोअर विसरल्या आणि रडल्या. चौथ्या दिवशी कोणी रडलं नाही.

आता शनिवार. अमिरातींची सुट्टी दोनदा बदलली. पूर्वी गुरुवार-शुक्रवार असायची, २००६ मध्ये शुक्रवार-शनिवार झाली, आणि १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी झाली. शार्जात शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा. मुलांच्या स्पर्धा साहजिकच सुट्टीच्या दिवशी ठेवतात. आपल्या दृष्टीने यात एक सोय झाली, ती म्हणजे रविवार मोकळा मिळाला. पण शनिवार आहेच.

आपले वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांना कोणी सुट्टी दिली नव्हती. गिऱ्हाइकाला आधीपासून ठाऊक असायचं की शनिवारी तेल मिळणार नाही, म्हणून भांडण होत नसे. मी भाचीला हेच सांगितलं, "आधी सांगून ठेव."

म्हणजे असं, की नाव नोंदवतानाच आयोजकांना नम्रपणे लिहावं की आमची मुलगी शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत खेळणार नाही, सामना रविवारी ठेवता येईल का, किंवा शनिवारी रात्री दिव्यांखाली? हिवाळ्यात तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे शब्बाथ निघाल्यावरही संध्याकाळ उरते. आयोजक हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर तीही त्यांची अडचण असते. रागावू नये, दुसरी स्पर्धा बघावी. पण ड्रॉ लागल्यावर ऐन वेळी न जाणं वाईट. समोरचं मूलही महिनाभर तयारी करून आलेलं असतं.

कोणी म्हणेल, मोठे खेळाडू शनिवारी खेळतात की! खरं आहे, व्यावसायिक खेळात शनिवार टाळणं जवळजवळ अशक्य. पण प्रत्येकाची एक रेघ असते. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनमधल्या शेन्झेनला दुदी सेला उपांत्यपूर्व सामना खेळत होता. तिसरा सेट सुरू झाला आणि योम किप्पूर लागायची वेळ जवळ आली. त्याने सामना तिथेच सोडला, मिळू शकणाऱ्या पैशांवर आणि गुणांवर पाणी सोडलं. शब्बाथ पाळायचा की फक्त योम किप्पूर, हे ज्या त्या घराने ठरवावं. मी कोणाला सांगणारी कोण? मात्र जे ठरेल ते मुलाला स्पर्धेच्या आधी, कारणासकट सांगावं. मुलाने स्वतः "मी शनिवारी खेळत नाही" असं सांगणं वेगळं आणि "मम्मी सोडत नाही" असं सांगणं वेगळं.

आमच्या भाचीच्या मुलीला आयोजकांनी रविवार सकाळ दिली. पहिल्याच फेरीत ती हरली. पण एका गुणाच्या वेळी समोरच्या मुलीचा चेंडू रेघेवर पडला होता, आणि कोणी विचारायच्या आत हिने "आत" म्हणून सांगितलं. भाचीने हे मला फोनवर तीनदा सांगितलं, स्कोअर मात्र मला विचारावा लागला.

शेवटी आजी-आजोबांसाठी दोन शब्द. एलियाहू हन्नाबीला नवस बोलायचा असेल तर बोला, पण जिंकण्यासाठी नको. मूल सुखरूप खेळून घरी येवो एवढ्यासाठी बोला. म्हणजे निकाल काहीही लागला तरी मलिदा करता येतो. आणि फोनवर पहिला प्रश्न "जिंकलीस का?" असा नको. "किती सर्व्हिस आत पडल्या?" असं विचारा. त्याचं उत्तर हरलेलं मूलही आनंदाने देतं.