सत्तावीस लोखंडी अक्षरं

आबे रकँ शोधत होते चित्रकार. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या आव्हिन्यों शहरात कोण रंगवत होतं, कुणी किती इसार घेतला, वेदीमागचं चित्र वेळेत झालं नाही म्हणून कुणाचं कुणाशी वाजलं, हे सगळं नोटरींच्या जुन्या दप्तरांत पडून असणार, याची या धर्मगुरूंना खात्री होती. घर विकायचं असो, पोराला कामावर शिकाऊ म्हणून ठेवायचं असो की मुलीचा हुंडा ठरवायचा असो, त्या काळी नोटरीपुढे बसावंच लागे. तो लॅटिनमध्ये मसुदा घाली, साक्षीदारांची नावं टिपून घेई आणि पुढच्या कागदाकडे वळे. असल्या घाईच्या, लपेटेदार अक्षरांतली बाडं रकँ उलगडत बसले होते. त्यातून त्यांच्या हाती घबाडही लागलं होतं. ‘कुमारी मेरीचा राज्याभिषेक’ या प्रसिद्ध चित्राचा कर्ता कोण, याचे नुसते तर्क चालले होते. रकँनी १४५३चा करारच पुढे केला. चित्रकाराचं नाव निघालं आंगराँ कार्तों.

त्याच बाडांत एक सोनार भेटला. नाव प्रोकोप वाल्डफोगेल, राहणारा प्रागचा. सोनार म्हटल्यावर रकँनी पान उलटून पुढे जायला हरकत नव्हती. पण ४ जुलै १४४४च्या कागदात त्याच्या नावापुढे जी सामानाची यादी होती, ती दागिन्यांची नव्हती. पोलादाच्या दोन वर्णमाला. लोखंडाचे दोन साचे. पोलादाचा एक स्क्रू. कथिलाचे ४८ साचे. आणि ‘लिहिण्याच्या कलेला’ लागणारी इतर साधनं. हा ऐवज मानो व्हितालिस नावाच्या, कायदा शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे होता.

१४४४! माइन्त्समध्ये गुटेनबर्गचं बायबल छापून तयार व्हायला अजून दहा-अकरा वर्षं होती.

रकँनी चित्रकार बाजूला ठेवले आणि सोनाराचा माग धरला. एकेक करत कागद निघत गेले. ट्रियर गावचा एक कुलपं-घड्याळं करणारा कारागीर, जिरार फेरोझ, या धंद्यात भागीदार. या कलेला कागदांत ‘कृत्रिम रीतीने लिहिण्याची कला’ म्हटलेलं. पैसे उधार घेतलेले, हिस्से घेतलेले, विकलेले. १४४६ साली व्हितालिसने अंग काढून घेतलं, तेव्हा वाल्डफोगेलने त्याच्याकडून शपथेवर कबुली घेतली: ही कला खरी आहे, सोपी आहे, जमण्यासारखी आहे आणि उपयोगाची आहे. भागीदार सोडून जाताना असा दाखला लिहून घेणारा माणूस काय समजायचा? एक तर पक्का बनेल, नाही तर बाजारात आपल्या नावाचा बोभाटा होईल म्हणून घाबरलेला. मला तो दुसरा वाटतो. बनेल माणसं नोटरीकडे इतक्या वेळा जात नाहीत.

आणि मग १० मार्च १४४६चा करार.

दुसरा पक्ष होता कादरूस गावचा दावीन, ज्यू. कादरूस हे ओरांजजवळचं गाव. फ्रान्सच्या राज्यातून ज्यूंना १३९४ साली हाकलून दिलं होतं. पण आव्हिन्यों आणि भोवतालचा मुलूख पोपच्या मालकीचा, तिथे त्यांना राहता येत होतं. ठराविक गल्लीत, ठराविक बंधनांत, पण येत होतं. या दाविनला वाल्डफोगेलने दोन वर्षांपूर्वीच ती कला शिकवली होती, असं करार म्हणतो. आता वाल्डफोगेल त्याला हिब्रूची २७ अक्षरं करून देणार होता, लोखंडात नीट कोरलेली, आणि सोबत लाकडाची, कथिलाची, लोखंडाची हत्यारं. मोबदला रोकड नव्हता. दाविनने त्याला कापड रंगवण्याची विद्या शिकवायची होती. गुपिताला गुपित! कला कुणाला सांगणार नाही, अशी हमीही दाविनकडून घेतलेली.

हिब्रूची मूळ अक्षरं २२. त्यातली पाच, म्हणजे काफ, मेम, नून, पे आणि त्सादी, शब्दाच्या शेवटी आली की वेगळं रूप घेतात. एकूण २७. म्हणजे ज्याने हा आकडा नोटरीला सांगितला, त्याला पोकळ हौस नव्हती; शब्दच्या शब्द, ओळीच्या ओळी उमटवायच्या होत्या. आपल्याकडे निर्णयसागर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पाडणाऱ्यांना देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी किती ठसे कोरावे लागले असतील ते आठवावं, म्हणजे हिब्रूचं हे सुटसुटीतपण कळतं. लॅटिनपाठोपाठ हिब्रूच कुणाला सुचावी, यात नवल नाही.

पण याच २७ आकड्याने विद्वानांना पेचातही टाकलं. छापखान्यातल्या कुठल्याही जुळाऱ्याला विचारा: एक पान जुळवायला एकेका अक्षराचे डझनावारी खिळे लागतात. २७ खिळ्यांत धड एक ओळही लागणार नाही. मग ही अक्षरं म्हणजे खिळे नव्हेत. ती दोनपैकी एक काहीतरी असणार. एक शक्यता, ते मूळ ठसे असतील: ठशाने मऊ धातूवर खोलगट आकृती उठवायची, त्या साच्यात कथील-शिशाचा रस ओतायचा आणि हवे तितके खिळे पाडायचे. असं असेल तर दाविनच्या हाती पडणार होती अख्खी मुद्रणकला, आणि कथिलाच्या त्या ४८ साच्यांचाही अर्थ लागतो. दुसरी शक्यता साधी आहे. ते हाताने एकेक मारायचे शिक्के असतील, जिल्दगर चामड्यावर नावं उठवतात तसे. तेही ‘कृत्रिम लिहिणं’च; पण मुद्रण नव्हे.

रकँनी १८९० साली हे सगळं छापून काढलं. मथळ्यातच दावा होता: आव्हिन्योंमधलं मुद्रण, १४४४. फ्रान्सचं जर्मनीशी युद्ध होऊन, अब्रू जाऊन वीसच वर्षं झालेली. गुटेनबर्गच्या आधी फ्रेंच भूमीवर छपाई झाली, ही बातमी तिथे नुसती विद्वत्तेची कशी राहणार? खरं तर यात फ्रेंच काय होतं, तेही एक कोडंच. कला प्रागच्या माणसाची, भागीदार ट्रियरचा, गाव पोपचं, आणि गिऱ्हाईक ज्यू, ज्याला फ्रान्सने थाराच दिला नसता.

शिवाय १४३९ साली स्ट्रासबुर्गमध्ये गुटेनबर्गवर भागीदाराच्या वारसांनी खटला भरला होता, तेव्हाच त्याचा छपाईचा उद्योग सुरू असल्याच्या खुणा त्या जबान्यांत आहेत. तो आणि वाल्डफोगेल एकमेकांना ओळखत होते का, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्यात मला फारसा रस वाटत नाही. रकँच्या कागदांतली खरी बातमी वेगळी आहे: युरोपात खिळ्यांनी छापलेलं एकही पान लोकांपुढे आलेलं नसताना एक ज्यू माणूस आपल्या लिपीची धातूची अक्षरं मागत होता. कलेचं भवितव्य ठरायच्या आधी त्याने आपलं गुपित पणाला लावलं.

वाल्डफोगेल १४४६ नंतर आव्हिन्योंतून नाहीसा होतो. दाविनच्या अक्षरांनी उमटलेली एक ओळही कुठे सापडलेली नाही.

पुढची हिब्रू छपाई दिसते ती इटलीत. रोममध्ये ओबाद्या, मनश्शे आणि बेन्यामीन या तिघांनी काढलेल्या पुस्तकांवर सालच नाही. कागदातल्या जलचिन्हांवरून ती १४७०च्या आसपासची ठरतात. साल छापलेलं पहिलं हिब्रू पुस्तक म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथावरचं राशी या ज्यू पंडिताचं भाष्य, फेब्रुवारी १४७५, मुद्रक अब्राहम बेन गार्तोन, गाव दक्षिण टोकाचं रेज्जो दि कालाब्रिया. त्याची आज एकच प्रत माहीत आहे, पार्माच्या पालातिना ग्रंथालयात. त्याच वर्षीच्या जुलैत उत्तरेकडे पियोव्हे दि साक्कोमध्ये मेशुल्लाम कुसीच्या छापखान्यातून चार खंडांचा धर्मशास्त्राचा ग्रंथ पुरा झाला. तो एवढा अवाढव्य आहे की त्याचं काम रेज्जोच्या आधी सुरू झालं असणार. ‘पहिला’ कोण, हा वाद इथेही सुटत नाही.

मांतुआच्या पुस्तकापाशी मात्र थांबावंसं वाटतं. तिथे अब्राहम कोनात हा वैद्य छापखाना चालवी. त्याची बायको एस्तेल्लीना हिने १४७६-७७च्या सुमाराला एक छोटं पुस्तक स्वतः काढलं आणि शेवटी आपलं नाव घातलं, एका मदतनिसासह. मदतनीस होता याकोब लेवी, प्रोव्हान्समधल्या तारास्कों गावचा. नकाशा काढून पाहा: तारास्कों आव्हिन्योंपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. दाविनचा करार होऊन तीस वर्षं उलटली होती. ही कला त्याच्या घराण्यातून, त्याच्या गल्लीतून इटलीत गेली, असं म्हणण्याचा मोह कुणालाही होईल. तो आवरावा. प्रोव्हान्सची ज्यू माणसं इटलीत अनेक कारणांनी जात, आणि मांतुआत छपाई शिकायला जर्मन मुद्रक जवळच होते. आव्हिन्योंत हिब्रू पुस्तकं छापली गेली ती थेट १७६०च्या दशकात.

तरीही दाविनचं प्रकरण बंद झालेलं नाही. जुने जिल्दगर वाया गेलेले कागद फेकत नसत. पुठ्ठ्यात, पाठीत, अस्तरात ते चिकटवून टाकत. माइन्त्समधल्या अगदी आरंभीच्या छपाईचा एक कपटा १८९२ साली असाच एका जुन्या हिशेबवहीच्या बांधणीतून निघाला. इटलीतल्या दप्तरखान्यांत नोटरींच्या वह्यांच्या बांधणीतून हिब्रू हस्तलिखितांची हजारो पानं सोडवून काढली आहेत. असा एखादा तुकडा कधी आव्हिन्योंकडून आला, तर जाणकार आधी मजकूर वाचणार नाही. तो भिंगाखाली आलेफ हे हिब्रूचं पहिलं अक्षर शोधेल, एकाच तुकड्यावरचे दोन-तीन तरी. प्रत्येक आलेफाला तेच सगळे ओरखडे, तोच तुटका कोपरा असेल, तर एकच शिक्का पुन्हापुन्हा मारलाय. पण एखादी खोट सगळ्यांत सारखी आणि बाकीचे पोचे ज्याचे त्याचे वेगळे असतील, तर ते एका साच्यातून पाडलेले निरनिराळे खिळे आहेत. आणि मग मुद्रणाच्या इतिहासाची पहिली काही पानं नव्याने जुळवावी लागतील.